मतं मोजता येणारा माणूस

विटा, रविवार

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या आईने मधेच विषय बदलला, नाहीतर हे तेव्हाच बोलून झालं असतं. तुझ्या विद्यापीठाच्या आवारातली ती दहा मजली पांढरी इमारत, अमेरिकेचा एके काळचा अध्यक्ष लिंडन जॉन्सन याची लायब्ररी, तू एकदाची आतून पाहून आलीस हे बरं केलंस. पण निकाल फार घाईने दिलास. "एवढं सगळं मांडलंय बाबा, पण शेवटी पुढारीच तो. सगळं मतांचं गणित," असं म्हणालीस, आणि ते म्हणताना तुझा सूर ताटात केस निघाल्यासारखा होता.

माझी सगळी नोकरी विकास सोसायटीत गटसचिव म्हणून गेली. कर्जवाटप, वसुली आणि मुदत संपली की संचालक मंडळाची निवडणूक. मतांचं गणित मी इतकं जवळून पाहिलंय की त्याला नाक मुरडणं मला जमत नाही. तू फोटो पाठवलेस तेव्हापासून मी हाच माणूस वाचतोय. त्याच्या टेलिफोनची ध्वनिमुद्रणंही ऐकतोय. सुमारे ६४० तासांची आहेत ती. आपल्या मरणानंतर ५० वर्षं ती उघडू नयेत असं त्याने सांगून ठेवलं होतं, पण १९९०च्या दशकातच ती खुली व्हायला लागली. त्याचं टेक्ससचं इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळतं, खाली लिहून येतं म्हणून निभतं. एका फोनवर तो विजारी शिवून देणाऱ्या कारखानदाराला कंबर, खिसे आणि शिलाई कुठे काचते हे इतकं उघड उघड सांगतो की तुझ्या आईने मला आवाज कमी करायला लावला.

हा माणूस चांगला होता असं मी म्हणणार नाही. पण त्याला मोजता येत होतं. त्याच्या काळात अमेरिकेत त्याच्याइतकं अचूक मोजणारा दुसरा कोणी नसावा. त्याच्या हातून जे भलं झालं ते या मोजण्यातून झालं, आणि मोठा घात झाला तो जिथे मोजून काही कळत नव्हतं तिथेही तो मोजत बसला म्हणून. तू पहिला अर्धा भाग सोडून दिलास, एवढीच माझी तक्रार.

त्याचा जन्म २७ ऑगस्ट १९०८चा, तुझ्या ऑस्टिनच्या पश्चिमेला पेडर्नालेस नदीकाठी, स्टोनवॉल गावाजवळ. चुनखडीचे डोंगर, वरवरची माती, बेभरवशाचा पाऊस. खानापूर-आटपाडीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. वडील सॅम जॉन्सन टेक्ससच्या विधिमंडळात होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कापूस तेजीत असताना त्यांनी कर्ज काढून जमीन घेतली, भाव कोसळला आणि घर बुडालं. आमदाराचा मुलगा म्हणून मिरवणारा पोरगा ऐन शाळेच्या वयात बुडीत कर्जवाल्याचा मुलगा झाला. घरातला कर्ता थकबाकीदार झाला की पोरांच्या चालण्यात फरक पडतो, हे मी वसुलीला गेलो की अंगणातच पाहायचो. लिंडनचं वागणं पुढे जन्मभर असं राहिलं की आपल्याला कोणी खाली बघायला लावू नये म्हणून हा माणूस आधीच समोरच्याच्या अंगावर धावून जातोय.

शाळा संपल्यावर तो कॅलिफोर्नियात भटकून आला, परत येऊन रस्त्याच्या कामावर मजुरी केली, आणि शेवटी सॅन मार्कसच्या शिक्षकांच्या कॉलेजात गेला. मधेच पैसे संपले म्हणून १९२८ साली, विसाव्या वर्षी, कोटुला नावाच्या गावात मास्तरकी धरली. मेक्सिकन मजुरांच्या मुलांची शाळा ती. मुलं उपाशीपोटी यायची. मास्तरांना मुलांशी फारसं देणंघेणं नसायचं. या पोराने पहिल्या पगारातून खेळाचं साहित्य आणलं, वक्तृत्वाच्या आणि स्पेलिंगच्या स्पर्धा लावल्या, शाळेच्या शिपायालाही इंग्रजी शिकवलं. आणि आवारात कोणी स्पॅनिश बोललं तर छडीही मारली. त्याच्या बाबतीत असं दोन्ही एकदम सांगावं लागतं, इलाज नाही.

१९३१मध्ये तो एका खासदाराचा सचिव होऊन वॉशिंग्टनला गेला. ज्या हॉटेलच्या तळघरात असे बरेच सचिव राहायचे तिथे न्हाणीघर सामाईक. सांगतात की पहिल्याच दिवशी हा पुन्हा पुन्हा आंघोळीला आणि दात घासायला तिथे जात राहिला, कारण जो येईल त्याची ओळख करून घ्यायची होती. तुला हे वाचून हसू येईल. मला मात्र ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. आपल्या तालुक्यात जो पुढे चेअरमन होतो तो आधी वर्षानुवर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत वाढायला उभा असतो.

१९३४मध्ये लग्न झालं. तू ज्या तळ्याकाठी पळायला जातेस ते लेडी बर्ड तळं तिच्याच नावाचं. खरं नाव क्लॉडिया. १९३७मध्ये जागा रिकामी झाली तेव्हा तिच्या वारशाच्या पैशातले दहा हजार डॉलर प्रचारात लागले आणि २८व्या वर्षी जॉन्सन काँग्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेत, गेला.

आता विजेची गोष्ट सांगतो, कारण ती मला सगळ्यात जास्त भावली. त्याच्या डोंगराळ भागात १९३०च्या दशकातही वीज नव्हती. वीज कंपन्यांना तिथे तारा ओढणं परवडत नव्हतं, घरं फार लांब लांब. बायका विहिरीतून पाणी शेंदायच्या, चुलीवर इस्त्री तापवायच्या, टबावर वाकून कपडे धुवायच्या, आणि चाळिशीत त्यांच्या पाठी वाकलेल्या असायच्या. रूझवेल्टच्या सरकारने ग्रामीण विद्युतीकरणासाठी कर्ज द्यायचं खातं काढलं होतं, पण त्यांचा नियम असा की मैलाला निदान तीन ग्राहक हवेत. इथे तेवढे भरत नव्हते. जॉन्सन थेट रूझवेल्टकडे गेला आणि नियम वाकवून घेतला. पण त्याआधी त्याला गावोगाव फिरून शेतकऱ्यांना सहकारी संस्थेचं सभासद व्हायला पटवावं लागलं. पाच डॉलर अनामत, आणि लोकांकडे पाच डॉलर नव्हते. शिवाय तारा आपल्या रानातून गेल्या तर जमीन जाईल ही भीती. हे सगळं मी ऐकलंय गं, आपल्याच लोकांच्या तोंडून, फक्त मराठीत. पेडर्नालेसची ती सहकारी संस्था उभी राहिली आणि १९३९मध्ये दिवे लागले. ती संस्था आजही चालू आहे. तुझ्या आजीने रहाटावर किती वर्षं काढली हे तू तिच्या हातांवर पाहिलं आहेस. त्यामुळे विजेचा खांब आणून देणाऱ्याने मतं मोजली म्हणून मी त्याला कमी लेखू शकत नाही. पुढे अध्यक्षपदाच्या वाटेवर असतानाही जॉन्सन म्हणायचा की आयुष्यात या कामाइतकं समाधान दुसऱ्या कशाने दिलं नाही.

आता घाणेरडा भाग. तो टाळला तर तू म्हणशील, बाबांनी पण आरतीच केली.

१९४१मध्ये तो सिनेटच्या निवडणुकीत १,३११ मतांनी पडला. पुढे असताना पडला. त्याने आपल्या भागाचे आकडे लवकर जाहीर करून टाकले होते, त्यामुळे समोरच्याला आपल्याला किती मतं 'काढावी' लागतील हे नेमकं कळलं. आपल्याकडचा कुठलाही मुरलेला पोलिंग एजंट हे वाचून डोक्याला हात लावेल. जॉन्सन धडा शिकला, आणि तो भलताच शिकला. १९४८मध्ये पुन्हा उभा राहिला. समोर माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन. प्रचाराला हेलिकॉप्टर आणलं, लोक हेलिकॉप्टर बघायला जमायचे आणि भाषण ऐकून जायचे. पक्षांतर्गत दुसऱ्या फेरीत स्टीव्हन्सन थोडक्यात पुढे होता. सहा दिवसांनी दक्षिण टेक्ससच्या अ‍ॅलिस गावातल्या १३ नंबरच्या पेटीचा सुधारित आकडा आला. जॉन्सनची ७६५ मतं ९६५ झाली होती. साताचा नऊ केला, बास. यादीच्या शेवटी वाढलेली २०२ नावं एकाच शाईत, वर्णानुक्रमे. मतदार काय अक्षरांप्रमाणे रांग लावून आले होते का? जवळपास दहा लाख मतांत जॉन्सन ८७ मतांनी निवडून आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्यापर्यंत गेलं, त्यांनी चौकशी थांबवली, आणि यादी पुढे कोणाला सापडली नाही. त्या केंद्रावरच्या अधिकाऱ्याने १९७७मध्ये, जॉन्सन गेल्यावर, गडबड केल्याचं कबूल केलं.

त्यात रेडिओची भर घाल. १९४३मध्ये लेडी बर्डच्या नावावर ऑस्टिनचं एक डबघाईला आलेलं रेडिओ स्टेशन १७,५०० डॉलरना घेतलं. परवाने देणारं सरकारी मंडळ नवरा ज्या काँग्रेसमध्ये बसायचा तिच्याच अखत्यारीत. स्टेशनची भरभराट झाली, मग टीव्ही आला, घर कोट्यधीश झालं. हाताखालच्या माणसांना तो चारचौघांत झापायचा, अपमान करायचा, संडासात बसून त्यांना कामं सांगायचा. मी त्याच्या हाताखाली एक महिना टिकलो नसतो.

सिनेटमध्ये गेल्यावर सहा वर्षांनी, १९५५मध्ये, तो बहुमताचा नेता झाला. सवासहा फुटांचा माणूस, समोरच्याच्या अंगावर झुकून, कोटाची कॉलर धरून, नाकाला नाक भिडवून बोलायचा. त्याचे फोटो तू पाहिले असशील. पण तो दरारा वरचा देखावा. आत पक्की यादी असायची: कोणाच्या मतदारसंघात कुठलं धरण अडलंय, कोणाला कुठली समिती हवीय, कोण मत देणार नाही पण हजरही राहणार नाही. त्याच्यावर माया करणारा, त्याला सिनेट शिकवणारा माणूस म्हणजे जॉर्जियाचा रिचर्ड रसेल, आणि रसेल हा गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या दक्षिणेचा सेनापती. जॉन्सननेही पहिली वीस वर्षं काळ्यांच्या हक्कांच्या प्रत्येक विधेयकाविरुद्ध मत दिलं होतं. झुंडीने ठार मारण्याविरुद्धच्या कायद्यालासुद्धा. १९५७मध्ये मात्र त्यानेच नागरी हक्कांचा कायदा पास करवला, १८७५ नंतरचा पहिला. दात काढलेला कायदा, मान्य. जेवढी मतं होती तेवढाच कायदा झाला.

१९६०मध्ये केनेडीबरोबर उपाध्यक्ष झाला आणि तीन वर्षं कोणी विचारेना. मग २२ नोव्हेंबर १९६३, डॅलस, आणि विमानात शपथ. हे सगळं जगाला माहीत आहे.

त्यानंतरच्या सात महिन्यांसाठी मी हे पत्र लिहायला घेतलं असं समज. केनेडीचं नागरी हक्क विधेयक समितीत अडकून पडलं होतं. सल्लागार म्हणाले, हरणाऱ्या कामावर वजन खर्च करू नका. त्यावर तो म्हणाला म्हणे, मग अध्यक्षपद कशासाठी असतं? सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी अखंड भाषणं करून विधेयक रोखून धरलं. कामकाजाचे साठ दिवस. ती भाषणं बंद करायला दोन-तृतीयांश, म्हणजे १०० पैकी ६७ मतं हवीत, आणि नागरी हक्कांच्या विषयावर तेवढी मतं तोपर्यंत एकदाही मिळाली नव्हती. स्वतःच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे ६७ सदस्य, पण त्यातले दक्षिणेचे फुटणार हे उघड. म्हणजे मतं विरोधी पक्षातून आणायची. तिथला नेता इलिनॉयचा एव्हरेट डर्कसन. जॉन्सनने स्वपक्षाचा सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री याला सांगितलं, डर्कसनकडे जाऊन बस, त्याच्याबरोबर पी, त्याचं ऐकत राहा, आणि श्रेय त्यालाच घेऊ दे.

१० जून १९६४. शंभरच्या शंभर सदस्य हजर. कॅलिफोर्नियाचा क्लेअर एंगल मेंदूच्या गाठीने आजारी, वाचा गेलेली. चाकाच्या खुर्चीतून आणलं त्याला. नाव पुकारल्यावर तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा त्याने बोट उचलून आपल्या डोळ्याकडे दाखवलं. इंग्रजीत डोळा आणि होकार एकाच उच्चाराचे, तुला सांगायला नको. ७१ विरुद्ध २९. त्या ७१मध्ये ४४ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन होते. म्हणजे स्वपक्षाचे २३ जण विरोधात गेले आणि तरी चार मतं जास्त पडली. एंगल पुढच्याच महिन्यात वारला. २ जुलैला कायद्यावर सही झाली, आणि हॉटेलात, बसस्थानकावर, सिनेमाघरात काळ्या माणसाला कातडीवरून अडवणं बेकायदा झालं.

रस्त्यावर मार खाल्ला तो मार्टिन लूथर किंग यांनी आणि हजारो अनाम माणसांनी. त्यांच्याशिवाय जॉन्सन काही करू शकला नसता, करायलाही गेला नसता. पण त्यांचा मार ६७च्या आकड्यात बसवायला कोणीतरी लागतो, आणि तो माणूस संत असण्याची शक्यता कमी.

नोव्हेंबरात तो ६१ टक्के मतं घेऊन निवडून आला. जी सहा राज्यं गेली त्यातली पाच दक्षिणेची, त्याच्या स्वतःच्या माणसांची. त्याचा हिशेब त्याला आधीच माहीत होता.

१९६५चा मार्च महिना दिवसवार बघ. ७ मार्चला अलाबामात सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्यांना पोलिसांनी लाठ्यांनी तुडवलं. ८ मार्चला व्हिएतनाममध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकेचे ३,५०० मरीन सैनिक उतरले. १५ मार्चला जॉन्सन काँग्रेससमोर उभा राहिला आणि चळवळीच्या गाण्याचे शब्द स्वतःच्या तोंडाने म्हणाला, की आपण जिंकू. त्याच भाषणात तो कोटुलाबद्दल बोलला. ती मुलं उपाशी यायची, लोक आपला तिरस्कार का करतात हे त्यांना कळायचं नाही. त्यांच्या पोराबाळांसाठी काही करायची संधी मिळेल असं तेव्हा स्वप्नातही नव्हतं, आता ती मिळालीय आणि मी ती वापरणार आहे, असं म्हणाला. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. मिसिसिपीत काळ्या मतदारांची नोंदणी ७ टक्क्यांच्या आत होती, ती दोन वर्षांत ६० टक्क्यांच्या जवळ गेली. त्याच उन्हाळ्यात म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचा मेडिकेअर कायदा झाला. शाळांना केंद्राचा पैसा देणाऱ्या कायद्यावर त्याने आपल्या गावच्या एकखोली शाळेसमोर, पहिल्या बाईंना शेजारी बसवून सही केली होती.

आणि ३ ऑक्टोबर १९६५ला, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी, स्थलांतराचा कायदा. त्याआधी भारताला वर्षाचा कोटा १००चा होता. अख्ख्या देशाला शंभर. नवीन कायद्यात देशागणिक २०,००० पर्यंत वाट मोकळी झाली. तुला गणपतीला जेवायला बोलावणारे मंडळातले ते डॉक्टर काका आणि त्यांच्या पिढीचे सगळे त्याच वाटेने आले. गंमत अशी की सही करताना जॉन्सन म्हणाला होता, हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, लाखो लोकांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार नाही. एवढा मोजणारा माणूस, इथे साफ चुकला, आणि चुकला ते बरंच झालं.

आपल्या बाबतीत मात्र त्याने जे मोजलं ते मला आजही खुपतं. १९६५ आणि ६६, लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. आपण पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नमदतीच्या कायद्याखाली त्यांचा गहू खात होतो. रेशनवरचा तो लाल गहू मला आठवतो, आणि शास्त्रीजींनी सांगितलं म्हणून सोमवारी रात्री न पेटलेली चूलही आठवते. गाजरगवतही त्याच गव्हाबरोबर आलं असं आपल्याकडे म्हणतात. जॉन्सनने दीर्घ मुदतीचा करार नाकारला आणि गहू महिन्याच्या बोलीवर सोडायला लागला. जहाजं स्वतः मोजायचा. भारतात कुठे पाऊस पडला आणि कुठे नाही हे मला नेमकं माहीत असायचं, असं त्याने नंतर लिहिलंय. व्हाइट हाउसमध्ये बसून मराठवाड्याचा पाऊस! त्याची अट होती की भारताने शेतीत पैसा घालावा. नोव्हेंबर १९६५मध्ये रोमला आपले अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि त्यांचे शेतीमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्यात तसं ठरलं. पण व्हिएतनामबद्दल आपण टीका करतो याचा रागही त्या जहाजांच्या वेळापत्रकात होता. काही लोक म्हणतात, त्या चिमट्यामुळेच हरितक्रांती लवकर आली. मला ते पटत नाही. सुब्रमण्यम यांचा तोच मानस आधीपासून होता. १९६६मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आलं ते त्यांच्या हट्टाने आलं. हे खरं की त्या वर्षी अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा पाचवा हिस्सा इकडे आला आणि माणसं वाचली. पण उपाशी माणसाला दर महिन्याला दारात उभं करणं म्हणजे काय, हे कोटुलाच्या मास्तरला कळायला हवं होतं.

व्हिएतनामबद्दल तू म्युझियममध्ये पुष्कळ वाचलं आहेस, मी एकच फोन सांगतो. २७ मे १९६४. सिनेटमध्ये रसेल त्याच्याच विधेयकाविरुद्ध लढतोय, आणि हा त्याच रसेलला फोन करून विचारतो, व्हिएतनामचं काय करू? रसेल म्हणतो, इतका वाईट गुंता मी पाहिला नाही. त्याच दिवशी दुसऱ्या फोनवर जॉन्सन आपल्या सल्लागाराला म्हणतो की हे लढण्याच्या लायकीचं मला वाटत नाही, आणि बाहेर पडता येईल असंही वाटत नाही. कळत होतं त्याला. ऑगस्टमध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकेच्या जहाजांवर दुसरा हल्ला झाल्याचं सांगून, जो झालाच नव्हता, त्याने युद्धाची मोकळीक मागितली. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात सोपी मोजणी, आणि तीच सगळ्यात महाग पडली. मग सैनिक मोजले, बॉम्ब मोजले, शत्रूची प्रेतं मोजली. १९६८पर्यंत पाच लाखांवर सैन्य तिथे होतं. आकडे दर आठवड्याला चांगले यायचे. पण उत्तर व्हिएतनामचा नेता हो ची मिन्ह याला कुठलं धरण हवं नव्हतं, कुठली समिती हवी नव्हती. ज्याच्याशी सौदा होत नाही असा माणूस जॉन्सनला भेटलाच नव्हता. व्हाइट हाउसबाहेर पोरं ओरडायची, आज किती मुलं मारलीस? त्या युद्धात एकूण ५८,००० अमेरिकन आणि लाखो व्हिएतनामी मेले. ३१ मार्च १९६८ला टीव्हीवर त्याने आपण पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं.

तू मला मतांच्या गणितावरून बोललीस, तर खरं बोलायचं ठिकाण हे आहे. १३ नंबरच्या पेटीपेक्षाही हे. लोकांना युद्धाबद्दल खरं सांगितलं असतं तर मेडिकेअरची आणि हक्कांच्या कायद्यांची मतं फुटतील, हा त्याचा हिशेब होता, म्हणून त्याने दोन्ही एकदम, एकापासून दुसरं लपवत, चालवलं. त्याचा हिशेब बरोबरही असेल. पण तो मांडायला बसायलाच नको होतं.

घरी परतल्यावर त्याने केस मानेपर्यंत वाढवले, सोडलेल्या सिगारेटी पुन्हा धरल्या, हृदय साथ देईना. डिसेंबर १९७२मध्ये तुझ्या त्या पांढऱ्या इमारतीत नागरी हक्कांवर परिषद भरली. ऑस्टिनमध्ये बर्फाचं वादळ, विमानं बंद, डॉक्टरांनी जाऊ नका सांगितलेलं. तो गेला, व्यासपीठावर सगळ्यांसमोर छातीच्या दुखण्याची गोळी जिभेखाली ठेवली आणि म्हणाला की आपण पुरेसं केलं नाही. तेवढ्यात सभागृहात गोंधळ झाला. काही कार्यकर्ते उठले, निक्सन सरकारविरुद्ध आम्हाला बोलायचंय म्हणाले. संयोजक कावरेबावरे. जॉन्सन पुन्हा माइकपाशी गेला आणि एकदम सिनेटमधला झाला. त्यांना म्हणाला, आपसांत बसून एकमत करा, मग अध्यक्षाची वेळ मागा. आणि भेटाल तेव्हा तुम्ही वाईट आहात इथून सुरुवात करू नका, कारण स्वतःला वाईट समजून कोणी त्या खुर्चीत बसलेला नसतो. २२ जानेवारी १९७३ला तो गेला. पाच दिवसांनी पॅरिसला व्हिएतनामच्या करारावर सह्या झाल्या.

आईने तुझ्या मैत्रिणीच्या वडलांबरोबर काळा मसाला आणि कुळथाचं पीठ दिलंय, ते गुरुवारी निघतात. पीठ आल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेव.

तुझे,
बाबा